दोरी कपारीत गेली तेव्हा

बुडालेल्या जहाजात शिरायचा कोर्स मी फिलिपाइन्समध्ये कोरोनला केला. 24 सप्टेंबर 1944 ला अमेरिकी विमानांनी तिथे बरीच जपानी जहाजं बुडवली. गोव्यात ग्रँड आयलंडला डायव्हिंग शिकून गेलेलो, त्यामुळे थोडी घमेंड होतीच. पहिल्या दिवशी टाकीला हातही लावू दिला नाही. माडांना दोरी बांधायची, डोळ्यांवर फडकं, आणि चाचपडत परत यायचं. किनाऱ्यावरची पोरं पोट धरून हसत होती.

मग कोग्यो मारू. हे जहाज कुशीवर पडलंय. आत भिंतीची जमीन होते आणि जमिनीची भिंत. बांधकामाच्या सिमेंटच्या पोत्यांचा दगड झालाय, पण आकार पोत्यांचाच. होकायंत्रावर भिस्त ठेवू नका. चहूकडे लोखंड, काटा वाटेल ते दाखवतो. परतीच्या वाटेसाठी उरते ती दोरी.

पहिली गाठ बाहेर, जिथून सरळ वर जाता येईल अशा जागी. दुसरी दाराच्या जरा आत. पुढे ताण राखत, गंजक्या धारेपासून लांब ठेवत न्यायची. मी हे सगळं केलं, आणि तरी चुकलो. एका वळणावर गाठ न मारता दोरी तशीच ओढून पुढे गेलो. ताण बसल्यावर ती सरकून दोन पत्र्यांच्या फटीत गेली. उजेडात काही बिघडत नाही, दोरी इकडे, वाट तिकडे, दोन्ही दिसतात. परतताना इन्स्ट्रक्टरनं दिवे बंद करायची खूण केली. अंगठा आणि बोटाच्या कड्यात दोरी धरून निघालो आणि वळणावर हात मनगटापर्यंत फटीत गेला. दोरी पुढे चाललेली, मला मात्र वाट नाही. त्या अर्ध्या मिनिटात किती हवा ओढली ते नंतर गेजवर पाहिलं. तेव्हापासून प्रत्येक वळणावर थांबतो आणि स्वतःला विचारतो, इथून आंधळा बाहेर पडेन का?

आंधळं व्हायला दिवेच जावे लागतात असं नाही. (एक मोठा आणि दोन राखीव असे तीन न्यायचेच.) पायातल्या फिनचा (पोहायच्या पंखाचा) एक फटकारा खाली बसला की गाळ उठतो आणि स्वतःचा पंजा दिसेनासा होतो. बेडकासारखे पाय मारायला शिका, ते पाणी मागे लोटतात, खाली नाही. पण छताचं काय? आपलेच बुडबुडे वर आपटतात आणि गंजाचा भुगा डोक्यावर पडत राहतो. म्हणूनच जाताना स्वच्छ दिसलेली खोली येताना तशी मिळत नाही.

हवेचा हिशोब तिसऱ्या भागाचा. टाकीत 200 बार (हवेच्या दाबाचं माप) असतील तर तिसरा भाग, सोयीनं 60, वापरले की मागे फिरायचं, म्हणजे 140 ला. बाकीची परतीला आणि जोडीदाराच्या अडीअडचणीला. साध्या कोर्समध्ये पाण्याची खोली आणि जहाजातलं अंतर मिळून 40 मीटर, तेही दाराचा उजेड दिसेल तिथवरच. दार 24 मीटरवर असेल तर आत उरतात 16. कोर्स केला नसेल तर बाहेरून डोकवा, तेवढ्यानंही डाइव्ह वसूल होते.

रील, म्हणजे दोरीचं रीळ, ज्याच्या हातात तो आत पहिला आणि बाहेर शेवटचा. दुसऱ्या दिवशी रील पुन्हा माझ्याकडेच दिली. वळणावर दोन वेढे घेऊन गाठ मारली. ती इतकी घट्ट बसली की परतताना मी ती सोडवत बसलो आणि इन्स्ट्रक्टर दारात घड्याळावर बोट आपटत राहिला.