गोल्फ मैदानाच्या वर्कशॉपसाठी मेकॅनिक कसा निवडावा

‘गोल्फ कोर्सवरील अनुभव आवश्यक’ अशी अट जाहिरातीत घातली की अर्जच येत नाहीत. चेंबूर, येरवडा, खारघर अशी महाराष्ट्रातील मैदाने बोटांवर मोजण्याइतकी आहेत आणि तेथील यंत्रे हाताळलेली माणसे त्याहून कमी आहेत, त्यामुळे ही अट ठेवणाऱ्या क्लबाला शेजारच्या क्लबाचा माणूस फोडण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. अनुभवाची अट काढून टाकावी आणि तिच्या जागी मोजमापाची सवय असलेला हात शोधावा, असे माझे मत आहे.

याचे कारण रील मोअरमध्ये, म्हणजे मैदानाचे गवत कापणाऱ्या यंत्रामध्ये, आहे. साध्या रोटरी मोअरचे पाते वेगाने फिरून गवत तोडते, तर रील मोअरमध्ये फिरणाऱ्या रीलची पाती आणि खालचे स्थिर पाते, म्हणजे बेडनाइफ, यांच्यामध्ये गवत कात्रीसारखे कापले जाते. ग्रीनवरील, म्हणजे छिद्राभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरील, गवत साधारण तीन ते चार मिलिमीटर उंचीवर ठेवावे लागते, आणि तेथे अर्ध्या मिलिमीटरची चूकही चेंडूच्या वेगात जाणवते. धार गेलेली असेल तर गवत कापले जाण्याऐवजी फाटते आणि एकदोन दिवसांत शेंडे पांढुरके पडून सगळे ग्रीन रोगट दिसू लागते. इंजिनाचा आवाज ऐकून दोष सांगणारा ट्रकचा उत्तम कारागीर येथे अडखळतो, कारण हे काम कानापेक्षा फीलर गेजचे, म्हणजे फट मोजणाऱ्या पातळ पट्ट्यांचे, आहे.

म्हणून आयटीआयचे डिझेल मेकॅनिक किंवा ट्रॅक्टर मेकॅनिक यांच्याबरोबरच फिटर आणि मशिनिस्ट (ग्राइंडर) यांचेही अर्ज मागवावेत. पुण्याजवळच्या भोसरी आणि चाकणच्या कारखान्यांत सूक्ष्म जाडी मोजणारा मायक्रोमीटर रोज हाताळणारी माणसे आहेत. त्यांना डिझेल इंजिन आणि हायड्रॉलिक शिकवणे हे ट्रॅक्टरवाल्याला मोजमापाची शिस्त लावण्यापेक्षा सोपे जाते. अर्थात दोन्ही येत असलेला माणूस मिळाला, तर पगारावरून घासाघीस करू नये.

जाहिरात देण्यापूर्वी आपल्या यंत्रांची यादी करावी. तीन रीलची दोन ग्रीन मोअर आणि पाच रीलची दोन फेअरवे मोअर (ग्रीनपर्यंतच्या लांब पट्ट्यासाठीची) असतील, तर एकूण सोळा रील आणि सोळा बेडनाइफ एका माणसाच्या हाताखाली येतात. शिवाय ट्रॅक्टर, फवारणी यंत्र, बंकरची (मैदानातील वाळूच्या खड्ड्यांची) रेती सारखी करणारे यंत्र आणि गाड्या वेगळ्याच. ही यादी उमेदवाराला आधीच दाखवावी. पहाटे माळ्यांनी यंत्रे बाहेर काढण्यापूर्वी कामावर हजर राहावे लागेल, हेही तेव्हाच स्पष्ट सांगावे, कारण चांगली माणसे नोकरी सोडतात ती बहुधा या वेळेमुळे.

मुलाखतीत प्रश्नोत्तरांना अर्धा तास पुरे. खरी पारख वर्कशॉपमध्ये करावी. एका ग्रीन मोअरचे रील मुद्दाम चुकीचे बसवून ते उमेदवारापुढे ठेवावे आणि कोणीही मध्ये बोलू नये. इंजिन बंद करून, किल्ली काढून, जाड हातमोजे घालूनच तो रीलला हात लावतो का, हे सर्वप्रथम पाहावे. त्यानंतर स्क्रू पिळण्याआधी तो बेअरिंगमधील ढिलेपणा तपासतो का, आणि कागदाची पट्टी डावीकडे, मध्ये व उजवीकडे अशी तिन्ही ठिकाणी कापून पाहतो का, यावर लक्ष ठेवावे. कागद एका टोकाला कापला जातो आणि दुसऱ्या टोकाला नाही, असे दिसले तर रील झिजून निमुळते झाले असण्याची शक्यता असते. अशा वेळी लॅपिंग पेस्ट (धार लावण्याचा खरखरीत लेप) लावून रील उलटे फिरवण्याने भागत नाही, ते ग्राइंडिंग यंत्रावर चढवावेच लागते. रील पूर्वी न पाहिलेल्या उमेदवाराला हे ठाऊक नसणार, परंतु तो दोन्ही टोकांचा व्यास मोजायला गेला तरी पुरे समजावे.

दुसरी परीक्षा हायड्रॉलिकची. दाबाखालील नळीतील बारीक गळती हाताने चाचपणाऱ्या माणसाला तिथेच थांबवावे, कारण तेल कातडीत घुसून गंभीर इजा होऊ शकते. जाणकार माणूस पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरतो. हीच गळती ग्रीनवर झाली तर गरम तेलाने गवताचा पट्टाच्या पट्टा जळतो, आणि तो डाग सभासदांना पुढे कित्येक आठवडे दिसत राहतो.

शेवटी एकच प्रश्न विचारावा: चालक उठताच यंत्र थांबवणारा सीटखालचा सुरक्षा स्विच बिघडल्यामुळे मोअर सुरू होत नाही, सुटा भाग यायला पंधरा दिवस आहेत, तर काय कराल? ‘डायरेक्ट करून देतो’, म्हणजे स्विच वगळून तारा थेट जोडतो, हे उत्तर आपल्याकडे कौतुकाने ऐकले जाते. फिरत्या रीलजवळ उतरणाऱ्या माळ्याचा पाय त्या स्विचवर अवलंबून असल्यामुळे मी असा उमेदवार, बाकी कितीही हुशार असला तरी, घेणार नाही.

नेमणूक शक्यतो डिसेंबरपर्यंत करावी. थंडीत बर्म्युडा गवताची वाढ मंदावते, त्यामुळे नव्या माणसाला एकेक यंत्र खोलून पाहायला सवड मिळते. जूनमध्ये पाऊस लागल्यावर ती मिळत नाही. किमान वेतन, भविष्य निर्वाह निधी आणि कर्मचारी राज्य विमा यांची कागदपत्रे पहिल्या महिन्यातच पूर्ण करावीत. पहिल्या तीन महिन्यांत त्याच्याकडून प्रत्येक यंत्राची स्वतंत्र वही सुरू करून घ्यावी, तीत तासांचे मीटर, तेलबदल आणि रीलचा व्यास नोंदवला जावा, आणि ग्रीनवर वाळू पसरल्यानंतर, वाळूने धार जाते म्हणून, नवी धार लावलेले रील लगेच बाहेर काढण्याऐवजी जुना संच वापरावा, हे माळ्यांना सांगण्याचा अधिकारही त्यालाच लेखी द्यावा.