‘जगातलं सर्वात उंच हॉटेल’ कसं ओळखावं, आणि तिथे खोली कशी मागावी

असा दावा दिसला की मी आधी एकच विचारतो: अख्खी इमारत हॉटेलची आहे, की हॉटेल वरच्या मजल्यांवर भाड्याने बसलंय? शांघाय टॉवर ६३२ मीटरचा, पण त्यातलं ‘जे हॉटेल’ (J Hotel) नावाचं हॉटेल शेंड्याजवळचे थोडेच मजले वापरतं. वापरातल्या क्षेत्रफळापैकी किमान ८५ टक्के हॉटेलसाठी असेल, तरच इमारत ‘हॉटेलची’ धरतात. या निकषावर दुबईचं गेव्होरा (३५६ मीटर, २०१८) त्याच शहरातल्या जेडब्ल्यू मॅरियट मार्क्विसला जेमतेम मीटरभराने हरवायचं. आता तिथलंच ३७७ मीटरचं सिएल पुढे आहे.

मग शेंडा बघा. बुर्ज अल अरब ३२१ मीटर, पण त्यातली वरची सुमारे १२४ मीटर उंची राहण्याजोगी नाहीच. नुसता तुरा! प्योंगयांगचं १०५ मजली र्‍युग्योंग तर १९८७ पासून उभं राहतंय, पाहुणा मात्र एकही नाही.

खोली घेताना मजला लेखी मागा. एका गगनचुंबी हॉटेलात मी हौसेने गेलो आणि खोली मिळाली नवव्या मजल्यावर. खिडकीसमोर पार्किंगची भिंत. दुसऱ्या खेपेला साठाच्या वर मागितली. लिफ्टमध्ये कानाला दडे बसले, आवंढा गिळला की सुटतात. वादळी रात्री बाथरूमच्या ग्लासातलं पाणी हळूच हलताना दिसलं. घाबरू नका, उंच इमारती वाऱ्यात थोड्या डोलतातच, तसं गृहीत धरूनच त्या बांधतात. झोप सावध असेल तर मधला मजला घ्या.