सबप्रोसेस मॉक करताना: खरी कमांड न चालवता टेस्ट

समजा, महापेच्या सर्व्हरवरचे लॉग रोज रात्री वागळे इस्टेटच्या ऑफिसात आणणारी पायथन स्क्रिप्ट आहे आणि ती आतून सबप्रोसेस (बाहेरची कमांड चालवणारं पायथनचं मॉड्यूल) वापरून आरसिंक ही फाइली कॉपी करणारी कमांड चालवते. युनिट टेस्टमध्ये खरं आरसिंक चालता कामा नये, नाहीतर नेटवर्क गेलं की टेस्ट पडते आणि दोष मात्र कोडला लागतो. म्हणून कमांड चालवणाऱ्या फंक्शनच्या जागी मॉक, म्हणजे नकली ऑब्जेक्ट, बसवायचा; यालाच पॅच करणं म्हणतात.

पॅच कुठे लावायचा, इथेच बहुतेकांची गाडी अडते. मॉड्यूलमध्ये 'फ्रॉम सबप्रोसेस इम्पोर्ट रन' असेल तर सबप्रोसेसमधलं रन पॅच करून काही होत नाही. तुमच्या मॉड्यूलमधलं 'रन' हे नाव पॅच करा.

रिटर्न व्हॅल्यू म्हणून नुसता मॉक देऊ नका. त्याचा रिटर्नकोड (कमांड संपताना देते तो आकडा, शून्य म्हणजे यश) हाही मॉकच असतो, शून्याशी कधीच जुळत नाही. रन खरोखर परत देतं तसा कम्प्लीटेड-प्रोसेस ऑब्जेक्ट बनवून द्या. कोडमध्ये टेक्स्ट=ट्रू असेल तर एसटीडीआउट (कमांडचं आउटपुट) स्ट्रिंग, नसेल तर बाइट्स.

चेक=ट्रू (कमांड फसली की एरर फेक, असं रनला सांगणं) असलं तरी मॉक स्वतःहून एरर फेकत नाही. मॉकच्या साइड-इफेक्टमध्ये (कॉल झाल्यावर मॉकने काय करायचं ते इथे सांगतात) कॉल्ड-प्रोसेस-एरर द्यावाच लागतो. टाइमआउट-एक्सपायर्ड (कमांड वेळेत संपली नाही) आणि फाइल-नॉट-फाउंड-एरर (कमांडच सापडली नाही) यांचीही एकेक टेस्ट हवी. कमांडच इन्स्टॉल नसणं नव्या सर्व्हरवर हमखास घडतं.

आरसिंकचे रिटर्नकोड २३ आणि २४ वेगवेगळे तपासा. २३ म्हणजे काही फाइली एररमुळे आल्याच नाहीत. २४ म्हणजे कॉपी चालू असताना मूळ फाइली गायब झाल्या. लॉग रोटेशनमध्ये (जुन्या लॉग फाइली हटवून नव्या सुरू करताना) २४ येणं चालायचंच, त्यावर अलार्म नको.

शेवटी असर्ट-कॉल्ड-वन्स-विथ (मॉक एकदाच आणि याच आर्ग्युमेंट्सनी कॉल झाला का, हे तपासणारी मेथड) वापरून कमांडची पूर्ण लिस्ट तपासा, विशेषतः मूळ जागी नसलेल्या फाइली इकडून पुसणारा डिलीट फ्लॅग चुकून शिरलेला नाही ना.