नागपुरात उन्हाळ्यात व्यायाम सुरू करताय? दुखापत टाळायची तर असं करा

व्यायाम सुरू केल्यावर दोन-तीन आठवड्यांत दम कमी लागू लागतो आणि घात होतो तो इथेच. हृदय आणि फुप्फुसं लवकर सरावतात, पण स्नायू हाडाला जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. अंबाझरीला धावायला येणाऱ्या नवख्यांची नडगी किंवा टाच 'आता जमतंय' असं वाटत असतानाच दुखू लागते, ती यामुळे. खाली सांगितलेली गती चेंगट वाटेल, तरी ती तशीच ठेवा.

वय चाळिशीच्या पुढे असेल, बीपी, शुगर किंवा हृदयाचा त्रास असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी.

१. वेळ ठरवा. मे महिन्यात इथे पारा ४५ अंशांपर्यंत जातो. त्यामुळे बाहेरचा व्यायाम उजाडता उजाडता उरकावा. सूर्य मावळला तरी आपले सिमेंटचे रस्ते बराच वेळ तापलेले असतात, शिवाय ते पायांना कडकही. मैदानातली माती बरी. उन्हाची सवय व्हायला शरीराला एक ते दोन आठवडे लागतात, म्हणून सुरुवातीला १५-२० मिनिटं पुरे. तोंडाला दुपट्टा गच्च बांधून धावू नका. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या सर्वांत कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, सरळ घरात व्यायाम करा. कूलर लावलात तर खिडकी उघडी ठेवा, नाहीतर खोलीत दमटपणा साचतो, घाम सुकत नाही आणि अंग तापतच राहतं.

२. अंग मोकळं करा. आठ-दहा मिनिटं भरभर चालणं, खांदे फिरवणं, गुडघे वर उचलणं, अर्ध्या बैठका. ताणून धरून ठेवायचे प्रकार व्यायाम संपल्यावर.

३. थोडं थोडं वाढवा. एका आठवड्यात वेळ वाढवा किंवा वेग; दोन्ही एकदम नको. सोबत्याशी तुटक का होईना, बोलता आलं पाहिजे. सेमिनरी हिल्सचा चढ दमवतो, पण गुडघ्यांवर आणि मांड्यांवर खरा ताण येतो तो उतारावर. पहिला महिना उतार चालतच उतरा.

४. जिममध्ये. बारा वेळा उचलून झाल्यावरही दोन-तीनदा उचलता येईल, इतकंच वजन घ्या. श्वास कोंडू नका. जोर लावताना सोडा. बेंच प्रेसला (बाकावर उताणं झोपून वजन वर ढकलताना) डोक्याशी कुणीतरी उभं हवंच, एकटे असाल तर डंबेल वापरा. 'भाऊ, अजून एक प्लेट टाक' म्हणणाऱ्यांचं ऐकण्याआधी तुमची पाठ सरळ राहते का, ते आरशात बघा.

५. दुखणं ओळखा. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दोन्ही मांड्या ठणकल्या तर घाबरू नका, ते आपोआप उतरतं. एकाच जागी टोचणारी कळ, सांध्याला सूज, लंगडत चालावं लागणं यांपैकी काही दिसलं की थांबा. बर्फ कापडात गुंडाळून १५-२० मिनिटं लावा. ताज्या दुखापतीवर जोरात मालिश करायचा मोह आपल्याकडे फार, पण पहिले दोन दिवस ती टाळा. पायावर भारच देता येत नसेल, तर एक्स-रे काढून घ्या. छातीत दाब किंवा कळ आली तर मात्र वाट बघू नका, थेट दवाखाना.

६. पाणी आणि उष्माघात. तासाभरापेक्षा जास्त घाम गाळणार असाल तर ओआरएस प्या, मीठ घातलेलं ताकही चालेल. डोकं दुखणं, मळमळ, पोटऱ्यांत गोळे आले की सावलीत बसा आणि त्या दिवशीचा व्यायाम बंद करा. माणूस असंबद्ध बोलायला लागला, झोकांड्या देऊ लागला किंवा कोसळला, तर तो उष्माघात समजा. घाम येत असला तरी फसू नका, व्यायामातल्या उष्माघातात घाम सुरू राहू शकतो. १०८ ला फोन करा आणि रुग्णवाहिका येईपर्यंत अंगावर गार पाणी ओतत वारा घाला. काख, मान आणि जांघेत बर्फ ठेवा. शुद्ध हरपली असेल तर कुशीवर वळवा, तोंडात पाणी घालू नका.