टायटॅनियमवर ऑक्साइडच्या नॅनोनळ्या: २० व्होल्टची कृती

टायटॅनियमची चकती फ्लोराइडच्या द्रावणात बुडवून वीज सोडली की तिच्यावर ऑक्साइडच्या अतिसूक्ष्म नळ्यांचा थर उगवतो; त्याची ही कृती. हाडात बसवायच्या इम्प्लांटसाठी अनेकदा ग्रेड ५ किंवा २३ चे टायटॅनियम वापरतात. त्यात ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असते. खरी अडचण व्हॅनेडियमची. ते मिश्रधातूच्या बीटा भागात (वेगळ्या स्फटिकरचनेच्या कणांत) साचते, त्याचा ऑक्साइड फ्लोराइडमध्ये चटकन विरघळतो आणि तिथे नळ्यांऐवजी खड्डे पडतात. एकसारखा थर हवा असेल तर शुद्ध टायटॅनियमवर हात बसवा, मगच मिश्रधातूकडे वळा.

चकती ३२० पासून १२०० नंबरच्या पॉलिश पेपरवर घासा. मग ॲसिटोन, इथेनॉल आणि शुद्ध पाण्यात प्रत्येकी १० मिनिटे अल्ट्रासोनिकमध्ये (ध्वनिलहरींनी साफ करणाऱ्या यंत्रात) ठेवा. बोटाचा तेलकट ठसा राहिला तर तिथे थर डागाळतो.

अर्ध्या लिटर द्रावणासाठी पाण्यात ८५ टक्क्यांचे फॉस्फोरिक आम्ल ३४ मिली हळूहळू ओता (आम्लात पाणी कधीही नाही), २.५ ग्रॅम अमोनियम फ्लोराइड विरघळवा आणि पाण्याने ५०० मिली करा. आम्लात फ्लोराइड पडले की हायड्रोफ्लोरिक आम्ल तयार होते. ते काच खाते आणि त्वचेतून आत शिरते, जळजळ मात्र कधी कधी उशिरा जाणवते. म्हणून भांडे पॉलिप्रॉपिलीनचे, काम फ्यूम हूडमध्ये (वाफा बाहेर खेचणाऱ्या कपाटात), हातमोजे आणि गॉगल घालून, आणि या आम्लाच्या भाजण्यावर प्रथमोपचार म्हणून लावायचे कॅल्शियम ग्लुकोनेट जेल हाताशी. जेल नसेल तर काम सुरूच करू नका.

चकती धन टोकाला, प्लॅटिनम किंवा ग्रॅफाइट ऋण टोकाला, मध्ये २-३ सेंमी अंतर. सेकंदाला १ व्होल्ट या गतीने २० पर्यंत चढवा आणि तासभर तिथेच ठेवा. नळ्यांचा व्यास साधारण १०० नॅनोमीटर येतो. व्होल्टेज कमी केले की तो घटतो. करंट आधी झपाट्याने उतरतो, थोडा वर येतो, मग स्थिरावतो. तो नुसता उतरतच राहिला तर फ्लोराइड कमी पडले आहे. चढतच गेला तर चकती धरणारा चिमटा द्रावणात बुडाला आहे का ते आधी पाहा.

लगेच पाण्याने भरपूर धुवा, शेवटी इथेनॉलमध्ये बुडवून हवेत सुकवा. इथेनॉलचा पृष्ठताण पाण्यापेक्षा कमी असल्याने सुकताना नळ्या एकमेकींकडे फारशा ओढल्या जात नाहीत.

आताचा ऑक्साइड स्फटिकरहित असतो. ४५० अंश सेल्सिअसला २ तास ठेवा, मिनिटाला ५ अंशांनी तापवा, भट्टीतच थंड होऊ द्या. ॲनाटेज हे टायटॅनियम ऑक्साइडचे स्फटिकरूप मिळते. फार वर गेलात तर रुटाइल हे दुसरे स्फटिकरूप बनू लागते आणि नळ्या कोसळतात.

सूक्ष्मदर्शकातल्या देखण्या चित्रावर विसंबू नका. चिकटपट्टी दाबून ओढा. पावडर निघाली तर थर बाद: हाडात स्क्रू पिळताना बसणारे घर्षण याहून कितीतरी जास्त असते. पुढच्या वेळी वेळ कमी करा, आखूड नळ्या धातूला जास्त घट्ट धरतात.