मांजराच्या पिसवा घालवायच्यात? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

पिसवा आहेत की नाहीत हे कळायला बारीक दातांची फणी पुरते. विंचरून निघालेली काळी कणी ओल्या टिश्यूवर टाका, तांबूस डाग पसरला तर पिसवा आहेत. मांजराचं वजन करून घ्या. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लाला औषध नकोच, फणीनेच भागवा.

खरी गोम औषध निवडण्यात आहे. मी तिथेच तोंडावर आपटले.

घरात कुत्र्यासाठी आणलेला गोचिडांचा स्प्रे होता. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला, “मांजर लहान असतं ना, मग थोडा कमी मारा.” मारला. संध्याकाळी बोक्याचे कान फडफडायला लागले, मग तोंडातून लाळ, आणि रात्रीपर्यंत सगळं अंग थरथरायला लागलं. दवाखान्यात दोन रात्री काढून तो वाचला. तेव्हापासून “कुत्र्याचंच औषध, अर्धं लावा” असं कोणी म्हटलं की मी सरळ भांडते.

त्या स्प्रेत परमेथ्रिन हे किडे मारणारं रसायन होतं. कुत्र्याचं यकृत ते पचवून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृतात त्यासाठी लागणारी यंत्रणाच तोकडी असते, त्यामुळे विष अंगात साठून राहतं आणि नसांवर हल्ला करतं. कुत्र्यांच्या मानेवर सोडायच्या काही थेंबांत परमेथ्रिन ४५ टक्के किंवा त्याहून जास्त असतं. त्याचं अर्धं केलं तरी मांजरासाठी ते विषच.

म्हणून पुढच्या बाजूचं गोंडस चित्र सोडा, बाटली उलटी करा आणि ‘ॲक्टिव्ह इनग्रेडियंट्स’ शोधा. छपाई मुंगीएवढी असते, मोबाइलने फोटो काढून मोठी करा. नावाच्या शेवटी टी-एच-आर-आय-एन ही अक्षरं दिसली, म्हणजे परमेथ्रिन, सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, की बाटली परत ठेवा. (मांजरांसाठीच बनवलेल्या गळ्यातल्या काही पट्ट्यांत फ्लुमेथ्रिन असतं, तेवढा अपवाद. पट्टीवर मांजराचं नाव स्पष्ट हवं.) गोचिडांसाठी पाण्यात कालवून लावायचं अमिट्राझ नको. माणसांच्या खरजेच्या लोशनमधलं बेंझिल बेंझोएटही नको.

‘हर्बल’ या शब्दाला तर अजिबात भुलू नका. परमेथ्रिन ज्याच्या नकलेवर बनलं ते मूळ द्रव्य शेवंतीच्या कुळातल्या फुलांतूनच येतं! टी ट्री ऑइल झाडाचंच, पण निव्वळ तेलाचे थोडे थेंबसुद्धा मांजराला आडवं करू शकतात. ते अंगावरचं सगळं चाटून पोटात घेतं, हे लक्षात असू द्या.

फिप्रोनिल हे पिसवांवरचं औषध मांजराला चालतं, पण लेबलवर मांजर आणि वजन दोन्ही जुळलं तरच. घरात ससा असेल तर त्याला चुकूनही लावू नका, सशासाठी ते जीवघेणं आहे.

लावायचं कसं? मानेमागे, जिभेला पोचणार नाही तिथे, केस बाजूला करून थेट कातडीवर. झालं.

कुत्र्याला परमेथ्रिनवालं औषध लावलंत तर मांजराला दोन-तीन दिवस त्याच्याजवळ झोपू देऊ नका.

आणि चुकून लागलंच तर लक्षणांची वाट बघत बसू नका, ती कधी कधी दुसऱ्या दिवशीही दिसतात. थरथर सुरू झाली असेल तर आंघोळीत वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा. मांजर अजून शांत असेल तर कोमट पाणी आणि भांडी घासायचं साधं लिक्विड घेऊन औषधाची जागा धुऊन काढा. गरम पाणी नको, त्याने विष कातडीतून जास्त शोषलं जातं. ओकारी काढायच्या भानगडीत पडू नका, दूध पाजू नका. टॉवेलात गुंडाळा, डॉक्टरांना फोन करा आणि निघताना ती बाटली पिशवीत टाका. मी घरीच विसरले होते, आणि डॉक्टरांचा पहिला प्रश्न होता, “औषधात काय होतं?”