गव्हावरचा तांबेरा: आधी वाण पाहा, मग पंप उचला

जानेवारीत एकाच बांधाच्या दोन बाजूंना दोन गहू उभे असतात. डावीकडे लोक-१, पानांवर तांबेरा या बुरशीच्या रोगाच्या नारिंगी पुटकुळ्या. उजवीकडे तपोवन, जवळपास स्वच्छ. पाणी, खत, हवा सगळं सारखंच, फरक फक्त वाणाचा. तरी औषध विकत घेताना वाणाचं नाव क्वचितच कुणी सांगतं, आणि पहिली चूक तिथेच होते.

लोक-१ हा मूळचा गुजरातच्या सणोसऱ्याचा वाण. टपोरा दाणा, लवकर तयार होणारा, बाजारात मागणी असलेला, म्हणून तो सुटत नाही. पण तांबेऱ्याला तो लगेच बळी पडतो. त्र्यंबक, तपोवन हे निफाडच्या गहू संशोधन केंद्राचे सरबती (पोळीच्या गव्हाचे) वाण आणि गोदावरी हा बन्सी (रवा-शेवयांचा कठीण गहू) वाण तांबेरा प्रतिकारक म्हणून पुढे आले. जुन्या उंच बन्सीचा मात्र काळ्या तांबेऱ्यापुढे टिकाव लागत नसे. खपलीला तांबेऱ्याचा त्रास कमी, पण तिचं उत्पादनही बेताचं. लोक-१ पेरायचा असेल तर खुशाल पेरा, मात्र आठवड्यातून दोनदा शेतात फिरण्याची तयारी ठेवा.

पिवळं पान दिसलं की युरिया, ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नत्र कमी पडलं तर खालची पानं सारखी पिवळी होतात, त्यांवर भुकटी नसते. संशय आला तर पान दोन बोटांत चोळा. विटकरी रंग बोटांना लागला तर तो तांबेरा. अशा वेळी युरिया दिला की पीक हिरवंगार, लुसलुशीत होतं आणि बुरशीला आयतंच फावतं. पानावरच्या विखुरलेल्या गोल नारिंगी पुटकुळ्या म्हणजे पानावरचा तांबेरा. खोडावर आणि पानाच्या देठाकडच्या आवरणावर लांबट, गडद तपकिरी, फाटल्यासारखे फोड म्हणजे काळा तांबेरा. तो खोडातून दाण्याकडे जाणारी वाटच अडवतो, त्यामुळे त्याचा फटका जास्त. मोबाईलवर फिरणारे पिवळ्या पट्ट्यांचे फोटो बहुतेक पंजाबकडचे असतात. त्या पिवळ्या तांबेऱ्याला थंड हवा लागते, आपल्याकडे सहसा त्याची काळजी नको.

तांबेरा कुठून येतो हेही लक्षात असू द्या. आपल्या रणरणत्या उन्हाळ्यात ही बुरशी शेतात तग धरत नाही. निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत ती जगते आणि तिथून बीजाणू वाऱ्यावर उत्तरेकडे येतात, हे वनस्पतिरोगतज्ज्ञ के. सी. मेहता यांनी दाखवून दिलं. मग गेल्या वर्षीचा काडीकचरा जाळून काय साधणार? फक्त धूर.

आता नुकसानीचा हिशेब. किती पानं रंगली यापेक्षा ती कधी रंगली हे महत्त्वाचं. पोटरीच्या (ओंबी अजून पानाच्या आवरणात असते त्या अवस्थेच्या) आधी आलेला तांबेरा हाताशी असेल ते पीक खाऊन टाकतो. दाणा चिकाच्या (दुधाळ) अवस्थेपुढे गेल्यावर आलेला फार काही करत नाही. ओंबीखालचं शेवटचं पान दाणा भरणारं, ते चीक भरेपर्यंत हिरवं राहिलं पाहिजे. म्हणून पहिल्या पुटकुळ्या दिसताच प्रोपिकोनॅझोल २५ ईसी हे बुरशीनाशक, लिटरला १ मिली, लेबल वाचून फवारा. दाणा कडक झाल्यावर मारलेलं औषध म्हणजे पैशाची नासाडी. प्रतिकारक वाणावर ‘कशाला धोका’ म्हणून मारलेलंही तसंच.

उशिरा पेरणीचा दोषही कित्येकदा तांबेऱ्यावर ढकलला जातो. बागायती गहू १५ नोव्हेंबरपर्यंत पेरून झाला पाहिजे. त्यानंतर पेरला तर दाणा भरायला गरम दिवस मिळतात आणि तो तसाही सुरकुततो. निदान करताना पेरणीची तारीख आधी विचारावी, असं माझं ठाम मत आहे.

घरचं बी वापरणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. काजळी काणी (ओंबीत दाण्याऐवजी काळी भुकटी करणारा रोग) हिची बुरशी दाण्याच्या आत बसते, बी बाहेरून धडधाकट दिसतं. ओंबी काळी पडल्यावर फवारणीचा काही उपयोग नाही. उपाय फक्त पेरणीआधीचा: कार्बोक्सिन असलेल्या औषधाची बीजप्रक्रिया. दिसलेली काणीग्रस्त ओंबी पिशवीत झाकून कापा, नाहीतर काळी भुकटी शेजारच्या फुलोऱ्यावर उडते आणि पुढच्या वर्षीच्या बियाण्यात शिरते.

आणि पिशवीवर ‘तांबेरा प्रतिकारक’ छापलंय म्हणून पंधरा वर्षं तोच वाण? बुरशीही नवनव्या जाती काढते. १९९८ मध्ये युगांडात सापडलेल्या युजी-९९ या काळ्या तांबेऱ्याच्या जातीने जगभर भरवशाच्या मानलेल्या एका रोगप्रतिकारक जनुकाला निकामी केलं. निफाडच्या संशोधन केंद्राकडून आणि राहुरीच्या कृषी विद्यापीठाकडून येणाऱ्या शिफारशी दर हंगामाआधी पाहत जा, आणि एकाच वाणाने सगळं शेत भरण्याऐवजी दोन तरी ठेवा.